साठींतली पंचविशी

ज्या झाडाचीं पानें बारा महिने हिरवीं दिसतात त्यास इंग्रजी भाषेंत 'एव्हरग्रीन' म्हणतात. वस्तुतः त्या झाडाचीं पानेंहि गळतात. तीं एकदम गळत नाहींत, एवढेंच. एक पान जुनें होऊन पडेपर्यंत शेजारीं दुसरें फुटलेलें असतें, आणि पाहणाराची समजूत अशी होते कीं, ह्या झाडास शिशिर ठाऊकच नाहीं. माणसांना, आणि त्यांतल्या त्यांत रंगभूमीवरील माणसांना, हें विशेषण लावण्याची चाल केव्हां पडली कोण जाणे. परंतु तें लावणारा जितक्या उदारपणें लावतो तितक्या सुखानें तें वागविणें शक्य नसतें, असें आम्हांस फार दिवसांपासून वाटत आलें आहे. ह्याच नांवाचा एक जुना इंग्रजी बोलपट अलीकडे पाहण्यांत आला आणि हा विचार कांहींसा स्पष्ट झाला. त्यासंबंधानें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

'एव्हरग्रीन' हा बोलपट लंडनच्या गोमाँ-ब्रिटिश कंपनीनें १९३४ सालीं काढला. दिग्दर्शक व्हिक्टर सॅव्हिल. आणि मुख्य भूमिका, एक नव्हे दोन, जेसी मॅथ्यूज ह्या नटीच्या. मूळ गोष्ट रंगभूमीवरचीच. सी. बी. कॉक्रन ह्या नाट्यव्यवस्थापकानें १९३० सालीं अडेल्फी नाट्यगृहांत बेन लेव्ही ह्यांनीं लिहिलेलें 'एव्हर ग्रीन' नांवाचें संगीत नाटक लावलें होतें. त्याचीं पदें रॉजर्स आणि हार्ट ह्या अमेरिकन जोडीनें रचिलीं होतीं, आणि नायिका जेसी मॅथ्यूजच होती. पडद्यावर आणतांना कथानक बरेंच बदललें. एम्लिन विल्यम्स ह्या नाटककाराचा हात पटकथेस लागला. कांहीं पदें जुनीं ठेविलीं, कांहीं हॅरी वूड्सकडून नवीं करून घेतलीं. सुमारें दीड तासाचा हा खेळ आज घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर पाहतां येतो. आम्हींहि तो तसाच पाहिला. दोन महायुद्धांमधील इंग्रजी वाङ्मय आम्हांस वर्गांत शिकवावें लागतें. त्या काळचें बोलणें-चालणें कानांवर पडावें, एवढाच आरंभीं हेतु होता.

कथेकडे वळण्यापूर्वीं म्यूझिक हॉल म्हणजे काय हें थोडें सांगणें अवश्य आहे, कारण आपल्याकडे त्यास नेमकें जोडपद नाहीं. नाटकगृह आणि मद्यगृह ह्यांच्या मधली ही संस्था. चार्ल्स मॉर्टन नांवाच्या गृहस्थानें १८५२ सालीं लँबेथमध्यें आपल्या मद्यगृहास लागून कँटरबरी हॉल उघडला, तेथून तिच्या भरभराटीस आरंभ झाला. लोक मेजांभोंवतीं बसून खात-पीत असत. एक अध्यक्ष हातांतली हातोडी आपटून गाणाराचें नांव पुकारी. आणि गाण्याचें ध्रुवपद आलें कीं सारी सभा तें म्हणे. पुढें मेजें गेलीं, अध्यक्ष गेला, मखमली खुर्च्यांचे महाल उभे राहिले. ध्रुवपद मात्र लोकांकडेच राहिलें. मेरी लॉइड ही ह्या सभागृहांची राणी १९२२ सालीं वारली, तेव्हां टी. एस. एलियट ह्यांनीं तिच्यावर एक लेख लिहिला. 'द वेस्ट लँड' हें काव्य त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेलें. इतका दुर्बोध कवि हॉक्स्टनच्या गल्लींत जन्मलेल्या एका गायिकेवर इतक्या जिव्हाळ्यानें लिहितो, ह्याचें आमच्या विद्यार्थ्यांना दरवर्षीं नवल वाटतें. एलियटचें म्हणणें असें कीं, ध्रुवपद म्हणणारा कामकरी माणूस स्वतःच त्या खेळाचा अर्धा कर्ता असे. चित्रपटगृहांत मात्र त्यास देण्याजोगें कांहींच उरत नाहीं, तो नुसता घेत बसतो. हें मत थोडें एकांगी असेल. तथापि तें ध्यानांत ठेवून 'एव्हरग्रीन' पाहावा, म्हणजे त्याचा पहिला भाग मनास चटका कां लावतो तें कळतें. जिनें त्या सभेस घरीं बसविलें तीच कला येथें त्या सभेची आठवण काढीत आहे.

तो पहिला भाग १९०९ सालचा. स्थळ टिव्होली. हॅरिएट ग्रीन ही लोकांच्या गळ्यांतील ताईत झालेली गायिका आज अखेरचें गात आहे. डोक्यावर भली मोठी टोपी, अंगांत घेरदार पोशाख, आणि तोंडीं बाबांनीं कुत्र्याचें पिल्लूं घेऊन दिलें नाहीं अशा तक्रारीचें एक पोरकट, त्या काळीं सर्वतोमुखीं झालेलें गाणें. सभा तिच्याबरोबर गाते. तिचें लग्न एका मार्क्विसशीं ठरलें आहे. ही कल्पना लेखकाच्या डोक्यांतून निघालेली नव्हे: बेल बिल्टन ही गायिका पुढें काउंटेस ऑफ क्लँकार्टी झाली, कॉनी गिलख्रिस्ट १८९२ सालीं काउंटेस ऑफ ऑर्कनी, रोझी बूट १९०१ सालीं मार्शनेस ऑफ हेडफर्ट. लॉर्ड लोकांच्या घरीं तेव्हां बरीच कुरकुर झाली असेल. पण लंडनच्या भाजीवालीस ह्या बातम्या दिवाळीसारख्या वाटत. असो. निरोपाच्या ह्याच समारंभाच्या वेळीं हॅरिएटचा पूर्वायुष्यांतील मनुष्य, तिच्या तान्ह्या मुलीचा बाप, पैशासाठीं उभा राहतो. आज पैसे दिले तर उद्यां पुन्हां येईल हें ती ओळखते. लग्न टाकून, मुलगी एका विश्वासू बाईच्या ओटींत घालून, ती कोणास न सांगतां दक्षिण आफ्रिकेस निघून जाते. मेजवानीस जमलेले लोक वाट पाहत राहतात.

पंचवीस वर्षें जातात. मुलगी मोठी झाली आहे. आईचाच चेहरा, आईचाच गळा, पण तिला कोरसमध्येंहि कोणी उभी करीत नाहीं. टॉमी टॉम्प्सन नांवाचा, पोटास महाग झालेला एक जाहिरातदार तरुण तिला पाहतो आणि त्याच्या डोक्यांत एक अजब युक्ति येते. मुलीस मुलगी म्हणून कोणी विचारीत नाहीं ना? मग ती मुलगी नव्हेच. ती खुद्द हॅरिएट ग्रीन, साठीस आलेली, परदेशाहून परत आलेली, आणि चेहऱ्यावर एक सुरकुती नाहीं! नाट्यनिर्मात्यास ही युक्ति पटते, वर्तमानपत्रांना त्याहून पटते. लंडन लोटतें. बायका तिला तारुण्याचें रहस्य विचारतात. इकडे घरीं निराळाच घोटाळा: जगाच्या दृष्टीनें टॉमी हा तिचा मुलगा ठरलेला, आणि एका छपराखालीं राहणारे हे मायलेक एकमेकांच्या प्रेमांत पडलेले. रॉजर्स-हार्ट ह्यांचें छतावर नाचण्याचें प्रसिद्ध पद येथें येतें. रात्रीच्या वेळीं ती एकटीच खोल्याखोल्यांतून नाचते, आणि प्रियकर खालच्या मजल्यावर. त्या नाचाचें वर्णन करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, जेसी मॅथ्यूजचें पाऊल जमिनीस लागल्यावरहि लागलें नाहींसें वाटतें. आणि ह्या नाचांची आंखणी बडी ब्रॅडली ह्या कृष्णवर्णी अमेरिकन नृत्यशिक्षकाची, ज्याच्या हाताखालीं लंडनची अर्धी रंगभूमि तेव्हां पाऊल टाकावयास शिकत होती.

शेवटीं हें सोंग तिला असह्य होतें. भरलेल्या नाट्यगृहांत, नाचतां नाचतां, ती म्हातारपणाचा टोप आणि पोशाख एकेक करून फेंकून देते आणि आपल्या खऱ्या वयानिशीं सभेपुढें उभी राहते. सभा आधीं खवळते. मग जिंकली जाते.

कथानक हलकें आहे, कित्येक ठिकाणीं पोकळ आहे, आणि साठ वर्षांची बाई पंचविशीची दिसते ह्यावर सारें लंडन विश्वास ठेवतें हें तर गळीं उतरत नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्हांस मात्र तोच भाग विचार करण्याजोगा वाटतो. आपल्या श्रीशंकुकानें रंगभूमीवरील प्रतीतीची फोड करतांना चित्रतुरगाचा दाखला दिला आहे. भिंतीवर घोडा काढलेला पाहून आपण 'हा घोडा' म्हणतों. तें खरें ज्ञान नव्हे, खोटेंहि नव्हे, संशय नव्हे, आणि 'घोड्यासारखें कांहीं' असेंहि नव्हे. नटाविषयीं 'हा राम' म्हणतों तेंहि तसेंच. प्रेक्षक फसलेला नसतो. त्यानें आपण होऊन डोळ्यांस एक सवलत दिलेली असते.

ह्या सवलतीस वयाची अडचण पडत नाहीं. योगायोग असा कीं, ज्या १९०९ सालीं ह्या बोलपटांतील हॅरिएट रंगभूमि सोडते, त्याच सालीं पॅरिसमध्यें सारा बर्नार्ड ही फ्रेंच नटी जोन ऑफ आर्कवरील खटल्याचें नाटक करीत होती. न्यायासनापुढें जोनला तिचें वय विचारलें जातें. पासष्टीची सारा सावकाश प्रेक्षकांकडे तोंड फिरवी आणि 'एकोणीस' म्हणून उत्तर देई. आणि त्या एका शब्दासरशीं सारें नाट्यगृह टाळ्यांनीं दुमदुमून जाई. कोण फसलें होतें त्यांत? कोणीहि नाहीं. आपल्याकडे बालगंधर्वांनीं पन्नाशी उलटल्यावरहि सिंधूचें काम केलें. आमच्या वडिलांनीं विद्यार्थिदशेंत, १९५० च्या सुमारास, तो प्रयोग पाहिला होता. ते सांगत कीं, पहिला प्रवेश होईपर्यंत पाहवत नव्हतें: देह थकलेला, हालचाल जड. मग एक पद सुरू झालें आणि शेजारचे एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून बसले ते अंक संपेपर्यंत. वडिलांस प्रथम ह्या गृहस्थांची कींव आली; नंतर त्यांनीं स्वतःहि डोळे मिटले. वय तेथें उघडें होतें, पुरुषदेह उघडा होता, दोन्ही बाजूंस सारें ठाऊक होतें. तो सौदा चोख होता.

बोलपटांतील हॅरिएटचा सौदा मात्र चोख नाहीं. कारण तिचें खोटें रंगभूमीवरचें नव्हे, रंगभूमीबाहेरचें आहे. तिकिटें खपलीं तीं गाण्यासाठीं नव्हत, चमत्कारासाठीं खपलीं. हें ध्यानांत आलें म्हणजे सभा शेवटीं कां खवळते तें समजतें. एरव्हीं रागावण्यासारखें काय होतें? गाणें खरें होतें, नाच खरा होता, तारुण्य तर खरेंच होतें. खोटा होता तो केवळ एक आंकडा. पण लोकांनीं विकत घेतला होता तो आंकडाच. निदान एक मनुष्य तरी काळाच्या तावडींतून सुटलें, तेव्हां आपल्यालाहि कांहीं आशा आहे, असें त्या खुर्च्यांत बसलेल्या प्रत्येकानें घटकाभर मानलें होतें. ती आशा टोपासारखी फेंकून दिली गेली.

आणि हा कोणता काळ? १९०९ ते १९३४. बोलपट हंसत-खेळत चालला असतां मध्येंच एक मोठें दृश्य येतें: वाळूचें घड्याळ उलटवून वर्षें मागें नेतात. १९२४ सालचे नाच येतात, आणि घड्याळ १९१४ पाशीं येतांच नाचणाऱ्या मुलींच्या जागीं कारखान्यांतल्या यंत्रानें ओतून काढलेल्या पुतळ्या दिसूं लागतात. देखावा थोडा भडक आहे, पण तो उगीच घातलेला नाहीं. ज्या पंचवीस वर्षांत हॅरिएटच्या चेहऱ्यावर एकहि रेघ उमटली नाहीं असें लंडन मानूं पाहत होतें, त्याच वर्षांत ब्रिटनचे सात लाखांहून अधिक तरुण रणांत पडले होते. म्यूझिक हॉलचाहि त्यांत हात होता. व्हेस्टा टिली ही पुरुषवेष घेऊन गाणारी नटी. आपल्या स्त्रीपार्टी नटांच्या उलट प्रकार! तिच्या गाण्यांच्या ऐन भरांत तरुण मुलें व्यासपीठावर येऊन सैन्यांत नांवें नोंदवीत. १९२० सालीं, छप्पन्नाव्या वर्षीं, तिनें लंडनच्या कोलिझियममध्यें शेवटचा खेळ केला. एलेन टेरी निरोप देण्यास होती, आणि लोक रडत होते. त्यांतले किती जण आपल्या मुलांसाठीं रडत होते तें कोण सांगणार? १९०९ सालची गायिका जशीच्या तशी परत यावी, ही इच्छा केवळ रसिकांची नव्हती. मधलें कांहीं घडलेंच नाहीं असें कोणी तरी म्हणावें, अशी ती इच्छा होती.

येथवर आम्ही आपल्या विचारांच्या नादांत होतों. सौभाग्यवती शेजारीं बसून पाहत होत्या. बोलपट संपल्यावर त्यांनीं एकच प्रश्न केला: "आणि हिची आई? तिचें काय झालें?"

आम्ही गप्प बसलों. खरोखरच, आईचें पुढें काय होतें ह्याची चिंता बोलपटास नाहीं. ती जहाजावर चढते आणि कथेंतून उतरते. तिचें नांव चालतें, तिचीं गाणीं चालतात, तिची कीर्ति व्याजासह मुलीच्या पदरांत पडते. ती स्वतः मात्र नको असते. ही मुलगी उभी न राहतां खरी हॅरिएट ग्रीन, साठ वर्षांची, गुडघे दुखणारी, आवाज खालीं उतरलेली, टिव्होलीच्या दारांत येऊन उभी राहिली असती तर? टॉमी टॉम्प्सननें तिच्या जाहिराती लावल्या असत्या काय? हा प्रश्न विचारण्याचें धाडस ह्या बोलपटानें केलेलें नाहीं.

तें केलें एका दुसऱ्या बोलपटानें. आणि नवल असें कीं, तोहि १९३४ चाच, त्याच कंपनीचा आणि त्याच सॅव्हिलचा. 'ईव्हनसाँग' हें त्याचें नांव. बेव्हर्ली निकोल्स ह्यांच्या कादंबरीवरून घेतलेला. आपला काळ सरला हें मान्य न करणाऱ्या एका थोर गायिकेची ती कथा. तिला मागें सारणाऱ्या नव्या गायिकेचें काम कोंचिता सुपर्व्हिया ह्या खऱ्याखुऱ्या स्पॅनिश गायिकेनें केलें आहे, त्यामुळें पराभव पाहणारास कानांनींहि पटतो. आणि ती मावळती गायिका कोणी केली? एव्हलिन ले हिनें.

एव्हलिन ले हें नांव उच्चारलें म्हणजे त्या काळच्या लंडनमध्यें लोक जेसी मॅथ्यूजकडे पाहत. एव्हलिन ही सॉनी हेल ह्या नटाची पत्नी होती. कॉक्रनच्या नाटकांत जेसी आणि सॉनी एकत्र गाऊं लागलीं, आणि पुढें जें व्हावयाचें तें झालें. १९३० सालीं एव्हलिननें घटस्फोटाचा दावा लावला. जेसीनें लिहिलेलीं पत्रें न्यायालयांत उघड वाचलीं गेलीं. न्यायाधीशानें तिच्या मनोवृत्तीविषयीं काढलेले जळजळीत उद्गार वर्तमानपत्रांनीं छापले. ती तेव्हां तेवीस वर्षांची होती. जन्म सोहोच्या भाजीबाजाराजवळचा, घरांत भावंडांचा गोतावळा. बापाचा धंदा भाजीफळांचा. गल्लींतली बोली पुसून काढून तिला उच्चवर्गीयांचे उच्चार घोटून शिकविलेले. १९३१ सालीं तिचें आणि सॉनीचें लग्न झालें. 'एव्हरग्रीन' मध्यें नाट्यदिग्दर्शकाची विनोदी भूमिका करणारा तोच हा सॉनी हेल. तेव्हां त्या शेवटच्या प्रवेशांत एक स्त्री हजारों डोळ्यांसमोर उभी राहून आपल्यावरचें आवरण उतरविते आणि सभा तिला दूषण देते कीं क्षमा करते याची वाट पाहते, तो प्रसंग नुसता कथेंतला राहत नाहीं. मुद्दाम कोणी जुळवून आणला असेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणीं जी भीति दिसते ती शिकवून आलेली वाटत नाहीं, एवढें खरें.

सभेनें तिला क्षमा केली. कांहीं वर्षें अतोनात प्रेमहि केलें. अमेरिकेंत फ्रेड अस्टेअरबरोबर तिनें काम करावें अशी बोलणीं झालीं, तीं फिसकटलीं. मग प्रकृति ढासळली. मनाचे आजार वारंवार उलटूं लागले. १९४४ सालीं सॉनीशीं झालेलें लग्नहि मोडलें. ज्या सडपातळ देहावर लोकांचा जीव होता तो स्थूल झाला, आणि लोकांनीं तो गुन्हा मानला.

आमच्या धंद्यांत ही अडचण थोडी निराळ्या रीतीनें येते. दर जूनमध्यें वर्गांत अठरा वर्षांचीं मुलें येतात. आम्ही प्रथम शिकवूं लागलों तेव्हां तीं अठरा वर्षांचीं होतीं, आजहि अठराचींच आहेत. सदाहरित असतो तो वर्ग. पाटीपुढें उभा राहणारा मात्र दरवर्षीं एक वर्षानें मोठा होतो, आणि रोमिओ-ज्यूलिएट शिकवितांना हें अंतर कधीं कधीं चमत्कारिक वाटतें. आमच्या एका सहकाऱ्यांनीं पुष्कळ वर्षें केंसांस कलप लावला. एका दिवाळीच्या सुट्टींत त्यांनीं तो सोडून दिला, आणि सुट्टी संपवून पांढऱ्या डोक्यानें वर्गांत गेले. मुलांनीं फार आस्थेनें विचारलें, "सर, आजारी होतां का?" त्यांना खरें उत्तर देतां येईना. पंधरा वर्षें आपण बरे होतों आणि आतांहि बरेच आहों, हें अठरा वर्षांच्या पोरांस कसें समजवावें? शेवटीं "हो, थोडा ताप होता" असें सांगून त्यांनीं पुस्तक उघडलें. ती गोष्ट सांगतांना ते हंसले. पण आम्हांस आठवतें, दुसऱ्या आठवड्यांत केंस पुन्हां काळे झाले होते.

जेसी मॅथ्यूजला पुन्हां काम मिळालें तें १९६३ सालीं, आणि तें जेथें चेहरा दिसत नाहीं अशा ठिकाणीं. ब्रिटिश नभोवाणीवर मिसेस डेल नांवाच्या एका डॉक्टराच्या पत्नीची कौटुंबिक कथा १९४८ पासून रोज ऐकविली जात असे. दुपारच्या चहाच्या वेळीं लक्षावधि घरांत ऐकूं येणारी ती शांत, समजूतदार, मध्यम वयाची बाई आतां जेसी झाली. सोहोची भाजीबाजाराजवळची मुलगी, न्यायालयांत जिच्या नांवाची छी-थू झाली ती, आतां इंग्लंडच्या सभ्य गृहिणीचा आवाज! सहा वर्षें तिनें हें काम केलें. १९७० सालीं तिला ओ. बी. ई. ही पदवीहि मिळाली. आत्मचरित्र लिहिलें तें १९७४ सालीं, आणि त्यास नांव दिलें 'एव्हरग्रीन' मधील आपल्याच गाण्याचें. १९८१ सालीं ती वारली.

परंतु ह्या गोष्टीस एक शेपूट आहे, आणि सौभाग्यवतींच्या प्रश्नामुळें तें आम्हांस टाकवत नाहीं. जेसी येण्यापूर्वीं पंधरा वर्षें मिसेस डेलचा आवाज एलिस पॉवेल नांवाच्या नटीचा होता. मालिकेस नवा रंग द्यावयाचा म्हणून तिला दूर केलें. नांव तेंच, नवरा तोच, घर तेंच, चहा तोच. एका दिवसापासून आवाज मात्र दुसरा. थोडे दिवस श्रोत्यांनीं कुरकुर केली असेल. मग मिसेस डेल पुन्हां मिसेस डेल झाली. एलिस पॉवेल त्याच वर्षीं, कांहीं महिन्यांतच, वारली. तिच्या जागीं बसतांना जेसीला आपली जुनी हॅरिएट ग्रीन आठवली असेल काय? तिचें नांव धारण करून उभी राहिलेली मुलगी, आणि जिची चौकशी कोणी करीत नाहीं ती आई. ह्या भूमिका तिनें एकाच बोलपटांत दोन्ही केल्या होत्या. आयुष्यांतहि दोन्ही तिच्या वांट्यास आल्या.

हें सारें आम्हीं एका संध्याकाळीं सौभाग्यवतींस सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि तो बोलपट पुन्हां एकदां लावावयास सांगितलें. टिव्होलीचे दिवे लागले. मोठी टोपी घातलेली हॅरिएट पुढें आली. कुत्र्याच्या पिल्लाचें तें पोरकट गाणें झालें. सारी सभा तिच्याबरोबर गायली. मेजवानी, फुलें, तो मनुष्य, लहान मुलगी. आई निघून गेली. पडद्यावर वर्षें सरकूं लागलीं तोंच सौभाग्यवतींनीं हात पुढें करून यंत्र बंद केलें.

"राहूं द्या," त्या म्हणाल्या, "पुढचें पाहिलें आहे."

आणि कुकर लावण्यास उठल्या.